अतिथी कलावंताचं गंगावन

आधी त्याने माझ्या डोक्यावरचा पदर मागे ओढला. मग वेणीला हात घातला.

माईक त्याच्या डाव्या हातात होता, उजव्या हातात माझी वेणी. त्याला वाटलं टोप आहे, टोपीसारखा निघून येईल. मी टोप वापरत नाही. मानेपर्यंत माझे स्वतःचे केस आहेत. त्यात गंगावन, म्हणजे खोट्या केसांची वेणी, गुंफतो आणि काळ्या दोऱ्याने आवळून बांधतो, म्हणजे गिरक्या घेताना सुटत नाही. पहिल्या झटक्याला ते निघालं नाही, तेव्हा त्याला कळायला हवं होतं. त्याने पुन्हा झटका दिला. पुन्हा दिला. माझी मान मागे गेली, डोळ्यांत पाणी आलं. शेवटी गंगावन निघालं ते माझे चार केस घेऊनच.

त्याने ते वर धरलं. मेलेला उंदीर शेपटीला धरून दाखवतात तसं.

"बघा, बघा! आपण सगळे फसलो की नाही? अरे मी तर विंगेतून लाईन मारत होतो!"

हॉल हसला. असा हसला की छतावरचे पंखे हलले असतील. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी एकमेकांच्या मांडीवर थापा मारल्या. मी दोन्ही हात छातीवर धरून उभा होतो. तिथे कोणी हात लावला नव्हता, तरी हात तिथेच गेले.

मी खडी गंमतीतला नाच्या आहे. वऱ्हाडात अजून अशा पार्ट्या आहेत, थोड्या उरल्यात, पण आहेत. शाहीर, डफ, ढोलकी, तुणतुणं आणि साडी नेसलेला एक पुरुष. स्टेज नसतो. गावाच्या चौकात उभं राहायचं, लोक भोवती गोल करतात, त्या गोलात गायचं आणि नाचायचं. आमच्या पार्टीचे शाहीर म्हणजे माझे सख्खे मामा. बाप लहानपणीच गेला. मामांनी वाढवलं आणि मामांनीच पायात घुंगरू बांधले. एरवी मी अकोल्यात लेडीज टेलर आहे, जुन्या शहरातल्या एका दुकानात ब्लाऊज शिवतो. खोली भाड्याची. एकटा राहतो. लग्नाच्या गोष्टी चालल्या होत्या मधे. पोरीकडची माणसं घर बघायला यायची, कोणीतरी मोबाईलवर माझा साडीतला फोटो दाखवायचं, आणि माणसं उठून जायची. एकांनी तर चहाही अर्धा ठेवला. मग मी तो नाद सोडून दिला.

गावात नाच्याला मान असतो असं कोणी सांगत असेल तर खोटं आहे. ज्या मोठ्या घराने गंमतीची सुपारी दिली, त्यांच्या अंगणात आम्ही नाचायचो आणि जेवायला गोठ्याकडे बसायचो. वरून वाढायचे. आमची जात कोणी विचारत नाही, विचारायची गरजच पडत नाही. गौळणीला ज्याने पागोटं उडवलं, तो दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर ओळख देत नाही. याचं मला वाईट वाटायचं, पण नवल वाटायचं नाही. त्यांनी आम्हाला कधी कलावंत म्हटलंच नव्हतं.

विद्यापीठाने म्हटलं. तिथे मी फसलो.

अमरावतीच्या बाहेर हायवेला एक खासगी विद्यापीठ उभं राहिलं आहे. नाव घेत नाही. त्यांचा नाटक आणि नृत्याचा महोत्सव होता. समन्वयक सरांनी मामांना फोन केला आणि म्हणाले, "तुम्ही आमचे अतिथी कलावंत." मोबाईलवर पत्रिका आली. मालिकेत काम करणारा मुंबईचा एक नट, पुण्याच्या एक मोठ्या नृत्यांगना बाई आणि खाली आमची पार्टी. तिघांच्याही वर एकच शब्द, अतिथी कलावंत. मामांनी ती पत्रिका गावभर दाखवली. किराणावाल्याला दाखवली, शाळेच्या मास्तरांना दाखवली, मोझरीला निघालेल्या भजनी मंडळाला गाडी थांबवून दाखवली.

"आता हॉलात नाचू बाबू," मामा मला म्हणाले. "खुर्च्याईवर बसून पाह्यतीन लोकं. आपल्याले उभं राहून पाह्यनारे लय झाले."

मामांच्या डोळ्यांत मी इतकं तेज कधी पाहिलं नव्हतं. मीही कमी येडा नव्हतो. गिऱ्हाइकांची कामं मागे ठेवून स्वतःसाठी नवीन ब्लाऊज शिवलं. हिरवं, बाहीला जरीचा काठ. दुकानातल्या आरशासमोर उभं राहून फिटिंग पाहिलं आणि स्वतःशीच हसलो.

आता आमच्या पार्टीची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या कपाळाला कुंकू लागलं की मला कोणी नावाने हाक मारत नाही. मामाही नाही. तेव्हापासून मी बाई. बाई, पाणी प्या. बाई, इकडून या. गंमत संपली, शेवटचं पद झालं, की मामा खाली वाकतात आणि माझ्या पायातले घुंगरू सोडतात. आमच्याकडे मामाने भाच्याच्या पाया पडायची चाल आहे, त्यामुळे त्यात कोणाला वावगं वाटत नाही. घुंगरू सुटले की मामा माझं नाव घेतात. मग मी पुरुष. मग साडी, केस, सगळं उतरवायचं, तेही आडोशाला. डफवाला चादर धरून उभा राहतो. तोपर्यंत अंगाला कोणी हात लावायचा नाही. दारू प्यालेला माणूस गोलात घुसला तर मामा डफ थांबवतात. "बाई उभ्या हायत. मांगं सर." एवढंच म्हणतात. कितीही प्यालेला असो, तो मागे सरकतो. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, अनेकदा.

महोत्सवाच्या दिवशी आम्ही दुपारी पोहोचलो. नटाची आणि नृत्यांगना बाईंची सोय गेस्ट हाऊसला होती. आमची कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. बिल्ला लावलेल्या एका पोराला मी विचारलं, मेकअप कुठे करू.

"लेडीजमध्ये मॅडम आहेत," तो म्हणाला. "जेंट्समध्ये मुंबईचे सर फ्रेश होऊन राहिले."

मग त्याने मला स्टेजमागची अडगळीची खोली दाखवली. मोडके बाक, मागच्या वर्षांचे बॅनर, रंगाचे रिकामे डबे. आरसा नव्हता. मोबाईलचा कॅमेरा उघडून त्यात बघत मी काजळ घातलं. मामा आणि बाकीचे साथीदार बाहेर माईक तपासत होते. खोलीत मी एकटा. पलीकडच्या भिंतीआड पुण्याच्या बाईंच्या मुली हसत होत्या, एकमेकींना पिना मागत होत्या, कोणाची तरी वेणी कोणीतरी घालून देत होतं. मी माझी वेणी स्वतःच घातली. हात मागे नेऊन दोरा आवळायला फार वेळ लागतो, खांदे भरून येतात. मधेच दोन पोरं दार ढकलून आत आली, एकाने मोबाईल धरला. मी भिंतीकडे तोंड केलं. ती हसत निघून गेली. मला तेव्हा वाटलं, असू दे, नाच पाहिल्यावर कळेल यांना.

आणि नाच चांगला झाला. हे मी सांगणारच, कारण हे कोणीच सांगत नाही. गण झाला, गौळण झाली. ढोलकी अशी बोलत होती की माझे पाय मला विचारत नव्हते. फक्त एक चुकल्यासारखं वाटत होतं. चौकात लोकांचे चेहरे दिसतात, कोण हसतं, कोण बायकोला कोपर मारतं, ते बघून आम्ही पुढचं ठरवतो. इथे दिवे डोळ्यांत होते आणि पुढे नुसता अंधार. मी अंधारासमोर नाचत होतो. पण टाळ्या आल्या. खऱ्या टाळ्या होत्या त्या, मला फरक कळतो.

मामा शेवटचं पद उचलणार, तेवढ्यात समन्वयक सर माईक घेऊन स्टेजवर आले. "वेळेअभावी इथे थांबतो आहोत. मुंबईच्या सरांना गाडी आहे. आपल्या लाडक्या पाहुण्यांच्या हस्ते लोककलावंतांचा सत्कार."

शेवटचं पद झालं नाही. घुंगरू सुटले नाहीत. पाहुणा नट गुच्छ घेऊन आला, गुच्छ मामांच्या हातात कोंबला, माईक घेतला आणि माझ्याकडे वळला. पुढचं मी वर सांगितलं आहे.

हॉल हसत असताना मी मामांकडे पाहिलं. मला वाटलं, आता मामा म्हणतील. बाई उभ्या हायत, मांगं सर. मामांचे ओठ हललेही. पण ते हसत होते. गुच्छ छातीशी धरून, मान थोडी वाकवून, त्या नटाकडे बघत हसत होते. गोठ्याकडे वाढणाऱ्याकडे बघून हसतात तसं. डफवाल्याने मान खाली घातली होती. आख्ख्या स्टेजवर मला उभं राहायला जागा उरली नाही असं वाटलं. खरा घाव नटाने दिला नाही, मामांच्या त्या हसण्याने दिला. आजही दुखतं ते तेच.

आणि इथे संपलं असतं तर कदाचित मीही गिळलं असतं. आजवर खूप गिळलं आहे.

पण खालून फोटोग्राफर ओरडला, "सर, नीट आला नाही! हात मधे आला!"

समन्वयक सर माझ्याजवळ आले. अगदी सहज बोलले, चहा आणखी घेता का विचारावं तसं. "एकदा परत घाला ना ते. सर पुन्हा ओढतील. फोटो पेपरला द्यायचा आहे."

नटाने गंगावन माझ्याकडे फेकलं. ते माझ्या पायाशी पडलं.

मामा खाली वाकले. एक क्षण मला वाटलं, घुंगरू सोडायला वाकले आहेत. वाटलं, आता नाव घेतील आणि हे सगळं संपेल. मामांनी गंगावन उचललं. झटकलं. त्याला चिकटलेले माझे केस बोटांनी वेगळे केले आणि ते माझ्यापुढे धरलं.

"घाल बाबू," ते हळूच म्हणाले. "एक डाव घाल. मोठे लोकं हायत. काय होते त्यानं?"

कुंकू कपाळावर होतं, घुंगरू पायात होते, आणि मामा मला बाबू म्हणाले.

माझ्या आत काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. राग म्हणावा तर राग नव्हता. कान बंद झाल्यासारखे झाले. मी माईककडे गेलो. पायातले घुंगरू वाजले, त्यामुळे हॉल शांत झाला. त्यांना वाटलं मी नाचणार.

"नाही," मी म्हणालो.

"नाही म्हणजे?" समन्वयक सर.

"नाही म्हंजे नाही. एक डाव ओढलं. आता हात लावू देनार नाही."

नट हसला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे दादा, मजा केली. कलाकाराने स्पोर्टिंग असावं."

मी त्याचा हात खांद्यावरून उचलून खाली केला. पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं. तिथे पुण्याच्या नृत्यांगना बाई बसल्या होत्या, मोगऱ्याचा गजरा घातलेल्या.

"त्याईनंबी आंगावर दागिने घालून नाच केला. त्याबी अतिथी कलावंत, मीबी अतिथी कलावंत. जा, त्याईची वेनी ओढा. फोटो काढा."

कोणी हसलं नाही. बाईंनी मोबाईलमध्ये डोकं घातलं. नटाचा चेहरा पहिल्यांदा रिकामा झाला. समन्वयक सरांनी माईक बंद करायची खूण केली आणि माईक बंद झाला. पण मला बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.

मी स्टेजवरून समोरच्या पायऱ्यांनी उतरलो. मागचं दार कुठे होतं ते त्या वेळी आठवलं नाही. दोन्ही बाजूंना खुर्च्या, मधली वाट, आणि त्या वाटेने मी दारापर्यंत गेलो. विस्कटलेले केस, गळणारं काजळ, पायात घुंगरू. प्रत्येक पावलाला वाजत होते. हळू टाकलं तरी वाजत होते. एवढ्या माणसांतून मी चाललो होतो आणि एकही माणूस माझं नव्हतं. माझ्या मागे मामा येतील असं वाटून मी दाराशी थांबलो. वळून पाहिलं. मामा स्टेजवर समन्वयक सरांपुढे हात जोडून उभे होते.

अडगळीच्या खोलीत मी बाकावर बसलो आणि स्वतःच घुंगरू सोडले. पहिल्यांदा. माझं नाव कोणी घेतलं नाही. रडलो. खूप रडलो, लहान पोरासारखा, तोंडात पदर कोंबून.

मामा आले ते बऱ्याच वेळाने. हातात प्रमाणपत्राची फाईल होती. दारातच उभे राहिले.

"आमचा बाजार उठोला तू," मामा म्हणाले.

"मामा, त्यानं केस ओढले माह्ये."

"हासले त हासले. आंगाले भोकं पडले का?" त्यांचा आवाज चिरकला. "जिंदगीत एक डाव हॉल भेटला होता रे मले. एक डाव."

मला त्यांची कीव आली आणि तरीही मी त्यांना माफ करू शकलो नाही. दोन्ही एकदमच वाटलं. पार्टीची जीप गावाकडे गेली. मी जीपमध्ये बसलो नाही. अमरावतीच्या स्टँडवरून अकोल्याची एसटी धरली. पाण्याने तोंड धुतलं होतं, पण काजळ असं जात नाही. शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मुलाला कडेवर घेतलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. मूर्तिजापूरपर्यंत माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. माणसं उभी होती, तरी रिकामी.

नंतर व्हिडिओ फिरला. माझी वेणी ओढतानाचा. मी माईकवर बोललो ते त्यात नव्हतं, तेवढं कापलं होतं. दुकानात कटिंग मास्टरने तो सगळ्यांना दाखवला. एक गिऱ्हाईक, चांगल्या घरची बाई, ब्लाऊजचं माप द्यायला कचरली आणि पुन्हा आलीच नाही. मालकाने मला गिऱ्हाइकांना दिसणार नाही अशा आतल्या मशीनवर बसवलं. पोळा आला, गेला. मी गावी गेलो नाही. मामांच्या पार्टीने दर्यापूरकडचा दुसरा नाच्या घेतला असं ऐकलं. दिवाळीला मी खोलीवरच होतो. खाली घरमालकाची नातवंडं फुलबाज्या पेटवत होती. वर मी दार लावून गौळणीची पावलं टाकत होतो. घुंगरू न बांधता, खाली आवाज जाऊ नये म्हणून अनवाणी. वाटायचं, कोणीतरी नुसतं दार वाजवावं. काय चाललंय म्हणून रागवायला तरी कोणी यावं. कोणी आलं नाही.

मग एक दिवस मामांचा फोन आला. कित्येक महिन्यांनी. मी मशीन थांबवली आणि दुकानाबाहेर पळत गेलो.

"कसा हायेस बाबू?"

नुसतं एवढं ऐकून मी मोबाईल दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. 

"अकोल्याच्या कॉलेजात मोठा कार्यक्रम हाय," मामा म्हणाले. "आपल्या पार्टीले बोलावून राह्यले. अतिथी कलावंत म्हनून. तूच पायजे म्हनते थे."

"मीच काहून?"

"थो व्हिडिओ पाह्यला त्याईनं. तसाच आयटम पायजे म्हनते. शेवटी केस काढाचा." मग घाईघाईने म्हणाले, "पन या डाव कोनी परका हात लावनार नाई. मी बोललो त्याईले. आपलाच डफवाला ओढीन. हळूच. तुले लागनार नाई. येशीन ना? घर सुनं हाय रे तुयाबिगर."

मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. ऑटो जात होत्या. खरं सांगतो, माझ्या जिभेवर हो आलं होतं. मामांचं घर, मामीच्या हातची भाकर, डफ तापवताना शेकोटीभोवती बसलेली माणसं, ते सगळं त्या एका 'हो'च्या पलीकडे होतं. नाही म्हटलं तर इकडे खोली आणि आतली मशीन. मला माणसं हवी होती. फार हवी होती. आणि मामांनी मला ती देऊ केली होती. फक्त डोकं पुढे करायचं होतं.

तेव्हा कळलं की विद्यापीठातल्या नटाला नाही म्हणणं सोपं होतं. तो माझा कोणी नव्हता.

"मामा, मी नाचीन," मी म्हणालो. "तुमी म्हनसान तठी नाचीन. पन माह्या आंगावरचं मी काढीन. माह्या हातानं, मले वाटन तवा. डफवाल्याच्या हातानं नाई. तुमच्या हातानंबी नाई."

मी वाट पाहिली. फार वाट पाहिली. मग फोन बंद झाला. त्यानंतर आलेला नाही.

आता मी स्वतःच गावोगाव विचारतो आहे. धारणीकडचा एक ढोलकीवाला बघू म्हणाला. एका तुणतुणेवाल्याने तोंडावर नाही म्हटलं, तुझ्यासोबत दिसलो तर मला कोणी बोलावणार नाही म्हणाला. त्याचं खरं असेल. कोणी नाही मिळालं तर मी एकटा उभा राहीन, गाणं मीच म्हणीन आणि नाचही मीच करीन. दुकानातून निघाल्यावर रोज संध्याकाळी मोर्णेच्या काठाला जाऊन पदं पाठ करतो. माझा आवाज शाहिराचा नाही. तो तसा करायला जितका वेळ लागेल तितका लागू दे.

चौक असो की हॉल, सुरुवातीलाच सांगणार आहे, हसा, शिट्ट्या मारा, पण हात लावायचा नाही. तरी कोणाचा हात आला तर मी मागे सरणार नाही. तो हात मनगटात धरीन. ढोलकी थांबवीन. आणि सगळ्या माणसांसमोर विचारीन, हा हात कोणाचा आहे, त्याने नाव सांगावं. नाव सांगेपर्यंत सोडणार नाही.